कोकणात बुफे किंवा अनलिमिटेड थाळी जेवायला जाताना : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मी रत्नागिरीकडची. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टच्या डायनिंग हॉलचं काम काही वर्षं पाहिलं आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना कुठेतरी जेवायला नेणं तर आजही चालूच असतं. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसत आली. लोक समुद्राकाठी येतात माशांच्या ओढीने आणि पोट भरतात पनीर, हक्का नूडल्स आणि जिरा राईसने. बुफेचे पैसे तेवढेच जातात, पण कोकण ताटात येतच नाही. बिलावरून वाद होतात ते वेगळेच.

यातलं बरंचसं आधी दोन गोष्टी विचारल्या तर टळतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, खालचा क्रम उपयोगी पडेल.

१. आधी ठरवा : बुफे, अनलिमिटेड थाळी की घरगुती जेवण

तिन्ही ठिकाणी पोटभर मिळतं, पण व्यवहार तीन तऱ्हेचा आहे.

बुफे बहुतेक रिसॉर्टमध्येच मिळतो आणि तोही खोलीच्या पॅकेजमध्ये. बुकिंग करताना सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं दिसतील. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ते बहुधा रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता, दुपार, रात्र सगळं. माझं स्पष्ट मत सांगते : फिरायला आला असाल तर सीपीच घ्या. तारकर्लीला राहून दिवसभर मालवणात आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर फिरणार असाल, तर दुपारच्या बुफेला परत कोण येणार? आणि जेवलात नाहीत म्हणून पैसे कुणी परत देत नाही. सोबत वयस्कर आई-वडील असतील, किंवा भर पावसात नुसतं बसून राहायलाच आला असाल, तर एमएपी सोयीचा पडतो.

अनलिमिटेड थाळी मिळते खानावळीत आणि रेस्टॉरंटात. माशाच्या थाळीत चपाती किंवा भाकरी, भात, कालवण आणि भाजी ही हवी तेवढी. तळलेली तुकडी मात्र मोजून, एक किंवा दोन. सोलकढी काही ठिकाणी हवी तेवढी, काही ठिकाणी एक वाटी आणि पुढची पैसे देऊन. शाकाहारी थाळी बहुतेक वेळा खरोखर सगळीच अमर्याद असते.

घरगुती जेवण म्हणजे होमस्टेमध्ये किंवा एखाद्या काकूंच्या घरी आधी सांगून केलेलं. ताटामागे दर ठरलेला, मासे बाजारभावाप्रमाणे. वाढणारी व्यक्ती आग्रह करते, कालवण पुन्हा पुन्हा येतं. चव हवी असेल तर तिन्हींत हेच सर्वांत सरस. पण सकाळी मासळीबाजाराला निघायच्या आत सांगावं लागतं. दुपारी एक वाजता फोन करून ‘चार जण येतोय’ म्हटलं तर घरात असेल तेच ताटात येईल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

२. कधी जायचं ते बघा

यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं आणि याचाच विचार सगळ्यात कमी केला जातो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दोन महिन्यांत बुफेवर सुरमई किंवा पापलेट दिसलं, तर ते बहुधा फ्रीजरमधलं किंवा बाहेरून आलेलं असतं. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल इकडे येऊ शकतो. असा मासा खाऊच नये असं नाही, पण ताज्याचा भाव देऊन खाऊ नये. पावसाळ्यात आलात तर खाडीचे मासे विचारा, खेकडे विचारा, नाहीतर सरळ सुक्या मासळीकडे वळा. सोड्याची (सुकवलेल्या कोळंबीची) भाजी, सुकटीची चटणी, सुक्या बोंबलांचं कालवण हे पावसातलं खरं जेवण आहे. रिसॉर्टच्या बुफेत ते सहसा लागत नाही, कारण वास सगळ्यांना चालत नाही. पण स्वयंपाकघरात कामगारांसाठी बऱ्याचदा झालेलं असतं. आदल्या दिवशी सांगितलंत तर आवडीने करून देतात.

ऑगस्टपासून बोटी जायला लागतात, नारळी पौर्णिमेनंतर जोर येतो. पण श्रावणात इथली बरीच घरं आणि काही खानावळी मासे बंद ठेवतात. मग गणपती. गणपतीत कोकणात हॉटेलात जेवायला येणं टाळाच असं मी सांगेन. आचारी आणि वाढपी आपापल्या गावी गेलेले असतात, उरलेल्या चार-दोन माणसांवर अख्खं हॉटेल चालतं. गौरीपूजनाला अनेक घरांत तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य असतो, त्या दिवशी कुणाच्या घरचं आमंत्रण आलं तर मात्र सोडू नका.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा माशांसाठी उत्तम काळ. त्यातही ख्रिसमस ते एक जानेवारी हा आठवडा वगळा. गर्दीमुळे बुफेचा दर वाढवलेला असतो आणि भांडी रिकामी होण्याच्या वेगाने आतून पदार्थ येत नाहीत. ओले काजू फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात. त्या दिवसांत काजूची उसळ बुफेवर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

एप्रिल-मे म्हणजे आंबा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बुफेतल्या वाटीतला आमरस कुठल्या झाडाचा हे चवीवरून ओळखणं सोपं नाही. डब्यातला पल्प वर्षभर मिळतो. म्हणून हंगामात आलात तर आमरसापेक्षा चिरलेला आंबा आहे का ते विचारा. फोड समोर असते, तिचा रंग आणि वास लपत नाही.

आठवड्यातला वार बघायला विसरू नका. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला, एकादशीला इथले पुष्कळ लोक मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी खानावळीत मासे कमी आणतात, कधी आदल्या दिवसाचे असतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे वार. गणपतीपुळ्याला अंगारकीच्या दिवशी जेवायला जाण्याचा बेत तर आखूच नका, गाडी लावायला जागा मिळणार नाही.

३. जायच्या आधी फोन करून हे विचारा

फोनवर संकोच करू नका. इथली माणसं सरळ उत्तर देतात, फक्त प्रश्न सरळ हवा. ‘नॉनव्हेज असतं का?’ असं विचारलंत तर ‘हो’ एवढंच उत्तर मिळेल आणि पोचल्यावर दिसेल चिकन ग्रेव्ही.

• आज बुफे लागणार आहे का? पाहुणे कमी असले की बरीच रिसॉर्ट बुफे लावत नाहीत, ठरलेलं जेवण टेबलावर देतात किंवा मेनू कार्डावरून मागवायला सांगतात. पावसाळ्यातल्या आडवारी हे हमखास होतं.
• मासा बुफेमध्ये आहे की वेगळा मागवायचा? असल्यास कोणता, आणि तळलेला की फक्त कालवणात?
• थाळी असेल तर काय काय पुन्हा मिळतं? तुकड्या किती? सोलकढी पुन्हा मिळते का?
• मुलांचा दर किती वयापर्यंत? कुठे पाच वर्षांखाली फुकट आणि पुढे अर्धा दर, कुठे उंचीवर ठरवतात.
• सांगितलेला दर जीएसटी धरून की सोडून?
• वेळ काय, आणि शेवटचं भरलेलं भांडं किती वाजता बाहेर येतं?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पाटीवर एक ते तीन लिहिलेलं असलं तरी अडीचनंतर आतून नवीन काही येत नाही. जे आहे तेच संपवलं जातं. मी ज्या हॉलमध्ये होते तिथे उघडल्यावरची पहिली वीस मिनिटं आणि पहिली गर्दी ओसरून भांडी पुन्हा भरली जायची ती वेळ, या दोन वेळांना जेवणाऱ्यांना सगळ्यात चांगलं मिळायचं.

४. सोबत काय ठेवायचं

• मुक्कामाचं पॅकेज असेल तर मोठ्या माणसांची ओळखपत्रं, आणि मुलांच्या वयावरून सवलत हवी असेल तर त्यांचंही आधार कार्ड.
• बुकिंगचा मेसेज किंवा ईमेल. त्यात कोणतं जेवण धरलंय हे लिहिलेलं असावं. फोनवरचं बोलणं काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं. रेंज जाते, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा.
• रोख पैसे. समुद्रकाठच्या गावांत नेटवर्क ऐन बिलाच्या वेळी जातं.
• ॲलर्जी असेल तर नेहमीची औषधं.
• पाण्याची स्वतःची बाटली.

५. हॉलमध्ये शिरल्यावर ताट उचलू नका

आधी हात हलवत एक फेरी मारा. सगळी झाकणं उघडून बघा. यात लाजण्यासारखं काही नाही.

बघायचं काय? पहिलं, भांड्याखालची जेलची डबी पेटलेली आहे का. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवा. त्याखाली तो तासन् तास राहिला तर जंतू झपाट्याने वाढतात, आणि कोकणातल्या मे महिन्यात त्यांना फार वेळ लागत नाही. झाकण उघडल्यावर वाफ अंगावर आली पाहिजे. कालवणावर साय धरलेली असेल, भात कडेने सुकलेला असेल तर त्या भांड्याला हात लावू नका. नवीन आणायला सांगा, आणतात.

दुसरं, सोलकढी. कोकमाचं आगळ, म्हणजे अर्क, आणि नारळाचं दूध यांची ती केलेली असते, आणि नारळाचं दूध उन्हाळ्यात चटकन नासतं. चांगल्या सोलकढीचा रंग फिका गुलाबी, किंचित जांभळटाकडे झुकणारा. ठेवल्यावर वर दाट आणि खाली पातळ असे थर होतात ते स्वाभाविक आहे, डावाने हलवलं की एक होतं. पण वर फेस असेल, वास आंबूस असेल, किंवा रंग आईस्क्रीमसारखा भडक गुलाबी असेल तर घेऊ नका. बर्फात ठेवलेल्या भांड्यातली असेल तर उत्तमच.

तिसरं, पळ्या. माशाच्या भांड्यातली पळी शेजारच्या डाळीत गेलेली दिसली, तर शाकाहारी मंडळींनी तिथली डाळ आतून वेगळी मागवावी.

फेरी संपली की तिथल्या माणसाला एकच प्रश्न विचारा : ‘आज इथलं काय केलंय?’ बुफेत वीस पदार्थ असले तरी इथले तीन-चारच असतात आणि ते बहुतेक वेळा लहान भांड्यात, कोपऱ्यात ठेवलेले असतात. विचारल्यावर वाढपी स्वतः घेऊन जाऊन दाखवतो. कुणीतरी विचारलं याचा त्याला आनंद होतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

६. ताटात काय आणि कोणत्या क्रमाने

सूप, स्टार्टर, पापड, गार्लिक ब्रेड इथे थांबू नका. ते कुठेही मिळतं. रांगेच्या सुरुवातीला पोट भरणारे आणि स्वस्तातले पदार्थ मांडायचे ही सगळ्याच बुफेची रीत आहे. आमच्याकडेही तसंच असायचं. तुम्ही रांगेच्या मधूनच सुरुवात करा.

पहिल्यांदा तळलेलं घ्या, कारण ते थांबत नाही. रवा लावून तळलेला बांगडा किंवा बोंबील दहा मिनिटं झाकणाखाली राहिला की वाफेने मऊ पडतो. म्हणून तळलेल्याच्या भांड्यातून थंड तुकडी घेण्यापेक्षा ‘पुढचा घाणा कधी?’ असं विचारा आणि तोवर कालवण-भाताचे दोन घास खा. तव्यासमोर उभं राहून घेतलेली तुकडी आणि भांड्यातली तुकडी यांत फार फरक पडतो.

भाकरी आणि घावणे बुफेवर मांडलेले नसले तरी मिळत नाहीत असं समजू नका. तांदळाची भाकरी थंड झाली की ताठ होते, घावणे एकमेकांना चिकटतात, म्हणून ते मांडत नाहीत. मागितल्यावर करून देतात. वेळ लागतो, तेव्हा बसतानाच सांगून टाका. चपाती आणि नान घेऊन बसलेल्या टेबलांच्या शेजारी एखाद्याच टेबलावर गरम भाकरी आलेली असते, ती मागितलेली असते म्हणून.

भाताचंही तसंच. बुफेवर पांढरा बारीक भात असतो. उकडा भात आहे का ते विचारा. लालसर, जाड, थोडा चिवट असा हा भात माशाच्या कालवणाला जसा धरतो तसा बासमती धरत नाही.

कोंबडी-वडे असतील तर वडे एका वेळी दोनच घ्या. तांदूळ, उडीद आणि इतर धान्यांच्या भाजणीचे हे तळलेले वडे गरम असताना फुगलेले, खुसखुशीत असतात आणि फार लवकर पोट भरवतात.

एका ताटात सगळं घेऊ नका. मालवणी कोंबडीच्या रश्श्यात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, माशाच्या कालवणात ओल्या नारळाचं, आणि शेजारी बटर चिकनची ग्रेव्ही. तिन्ही एकत्र झाली की कशाचीच चव उरत नाही. लहान ताट घ्या, तीनदा उठा.

गोड शेवटी घ्या पण जागा ठेवून. उकडीचे मोदक असतील तर गुलाबजामकडे बघू नका. मोदक गरम हवा, वर तूप हवं. थंड, पारीला चीर गेलेला मोदक असेल तर वाफवून द्यायला सांगा. धोंडस, खापरोळी, मणगणं यांतलं काही पाटीवर दिसलं तर नक्की चाखा, रोज कुणी करत नाही.

७. माशांबद्दल, जरा सावकाश वाचा

नवख्या माणसाने कोणता मासा घ्यावा? सुरमईला मधला काटा असतो आणि बाजूचे मोजके, तो सगळ्यात सोपा. पापलेटही सोपं. मोरीला काटे नसतात, कूर्चा असते, मुलांना चालते. मांदेली कुरकुरीत तळलेली असेल तर काट्यासकट खातात. बोंबील मऊ असतो, काटा जाणवत नाही. कर्ली मात्र सवय असल्याशिवाय घेऊ नका. चवीला फार सुंदर, पण बारीक काट्यांनी भरलेली, आणि गप्पा मारत खाण्याचा तो मासा नव्हे.

ताजेपणा बुफेत कसा ओळखायचा? बाजारात कल्ले लाल आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का बघता येतं. इथे शिजलेली तुकडी समोर असते. ताज्या माशाचं मांस पाकळ्या पाकळ्यांनी सुटतं. शिळ्याचं पिठूळ होतं, काट्याभोवती चिकट राहतं. मसाला फार गडद आणि मीठ-आंबट जोरात असेल तर मला शंका येते.

आता एक गोष्ट, जी पाहुण्यांना हमखास गोंधळात पाडते. बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालतात. काळसर, फुटलेल्या मिऱ्यासारखी दिसतात. ती चावायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. चुकून चावलं तर जिभेला मुंग्या येतात, थोड्या वेळाने जातात, काळजीचं कारण नाही. पण कालवणात तिरफळ नसताना, किंवा नुसत्या तळलेल्या तुकडीने जीभ चुरचुरली, मिरचीसारखी झोंबली, तर तो घास तिथेच थांबवा. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे पकडल्यावर नीट थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्या वेळात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज, मळमळ असं होऊ शकतं. त्रास वाटला तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि हॉटेललाही सांगा, म्हणजे उरलेलं भांडं उचललं जाईल.

तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या तर तोंड न उघडलेली शिंपली बाजूला ठेवा, जोर लावून उघडू नका. कोळंबी, खेकडा, शिंपले यांची ॲलर्जी असेल तर नुसतं ते भांडं टाळून भागत नाही. एकाच कढईत, एकाच तेलात सगळं तळलेलं असतं. बसायच्या आधी आचाऱ्याला सांगा आणि त्याचं उत्तर ठाम वाटलं नाही तर तिथे तळलेलं काहीच खाऊ नका.

संध्याकाळी वेळ असेल आणि तुम्ही दापोलीकडे असाल, तर जेवायच्या आधी हर्णै बंदरावर जाऊन किनाऱ्यावरचा लिलाव बघा. मालवणच्या किनाऱ्यावरही लिलाव होतो. आज काय आलंय हे डोळ्यांनी पाहिलं की रात्री मेनूवरच्या कुठल्या नावावर विश्वास ठेवायचा ते कळतं.

८. शाकाहारी मंडळींसाठी

कोकणात शाकाहारी माणसाचे हाल होतात ही समजूत सोडून द्या. गुहागर, गणपतीपुळे, आंजर्ले, मुरूड या भागांत शाकाहारी घरगुती खानावळी आहेत आणि तिथल्या पंगतीसारख्या जेवणाला मी रिसॉर्टच्या बुफेपेक्षा वरचा नंबर देते. काजूची उसळ, फणसाची भाजी, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, कुळथाचं पिठलं, मऊ भात, मेतकूट. रिसॉर्टमध्ये असाल तर यातलं काहीतरी आदल्या दिवशी सांगून ठेवा. पावसात टाकळा, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या येतात, त्या विचारल्याशिवाय कुणी पुढे करत नाही.

भाज्यांत आणि उसळींत सुकी मासळी घातलेली नाही ना, एवढं मात्र विचारून घ्या. काही घरांत भाजीत सोडे किंवा सुकट घालायची पद्धत असते.

९. ताटात टाकू नका

काही ठिकाणी उष्टं टाकल्यास दंडाची पाटी असते. दंडाचं सोडा. ताटात उरलेलं अन्न खड्ड्यात जातं, ते कुणाच्याच कामाचं राहत नाही. भांड्यात उरलेलं मात्र आम्ही सगळे कामगार शेवटी बसून जेवायचो. वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, गार्डनमधली माणसं, सगळी. तीन-साडेतीन वाजता, पाहुणे गेल्यावर. शेवटच्या फेरीत चव बघायला म्हणून घेतलेल्या आणि तशाच टाकलेल्या चार तुकड्या याच माणसांच्या जेवणातून जातात. चव बघायची असेल तर एक चमचा घ्या, किंवा एक तुकडी दोघांत घ्या.

बुफेचं पार्सल मिळत नाही. डब्यात भरून नेण्यावरून वाद घालू नका. आजारी माणूस खोलीत झोपून असेल तर काउंटरवर सांगा, पेज किंवा मऊ भात बहुतेक ठिकाणी पाठवून देतात. आणि एका ताटात दोघांनी जेवून एकाचेच पैसे देण्याचा प्रयत्न कुणी ओळखत नाही असं समजू नका.

१०. बिल वाचा

बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक असायला हवा, जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. जीएसटी लावला असेल तर १५ आकडी-अक्षरी जीएसटी क्रमांकही हवा. साध्या रेस्टॉरंटात दर ५ टक्के. महागड्या खोल्यांच्या, म्हणजे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वरच्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असू शकतो. फोनवर सांगितलेल्या दरात आणि बिलात मोठा फरक दिसतो तो इथे. लहान खानावळी बऱ्याचदा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यवसायांसाठीची सोपी कर योजना) असतात, त्यांना बिलात जीएसटी वेगळा लावता येत नाही. बिलावर कंपोझिशन लिहिलंय आणि खाली कर जोडलाय, असं दिसलं तर शांतपणे दाखवून द्या.

सर्व्हिस चार्ज वेगळी गोष्ट. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. लावलेला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याऐवजी वाढणाऱ्याच्या हातात थेट काही ठेवलंत तर ते त्याला पोचतं.

बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक आणि आइस्क्रीम बुफेत धरलेलं नसतं, ते न मागता टेबलावर आलं तरी बिलात येतं. नको असेल तर बूच उघडायच्या आत परत द्या. पाणी कुठलं चांगलं असं विचारलं तर उकळलेलं किंवा फिल्टरचं असल्यास तेच मागा.

थाळीत जादा तुकडी मागवली तर तिचा भाव आधी विचारा. ‘साइजप्रमाणे’ असं मेनूवर लिहिलेलं असेल तर मासा दाखवायला सांगा, भाव ठरवा आणि मगच तव्यावर टाकायला सांगा.

११. जेवल्यावर

लगेच समुद्रात उतरू नका. भरल्या पोटी तर नाहीच, आणि जिथे लाल निशाण आहे तिथे कधीच नाही.

परतीचा प्रवास घाटातून असेल तर निघायच्या दिवशी दुपारचा बुफे सोडाच. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट घ्या, मसालेदार कालवण आणि तळलेल्या तुकड्यांवर ती वळणं मागच्या सीटवरच्या मुलांना झेपत नाहीत. सकाळचा नाश्ता नीट करा, तोही आंबोळी-चटणीवर भागवा, आणि घाट चढून गेल्यावर जेवा. सोबत आमसुलं ठेवा, मळमळलं तर एखादं तोंडात धरायला होतं. बाजारातून घेताना ओलसर, मऊ आणि काळपट लाल बघून घ्या, पांढरी मिठाची पूड वर बसलेली घेऊ नका.